आस्वाद : रसना, समीक्षा आणि बंगळूरचे मद्य

‘आस्वाद’ ही मराठी समीक्षेतील रूढ संज्ञा मुळात जिभेची आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाचे स्वरूप सांगितले तेही व्यंजनांनी संस्कारित अन्नाच्या दृष्टान्ताने. मद्याच्या संदर्भात मात्र मराठी साहित्याने ही संज्ञा क्वचितच योजली. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त दारूला चव नाही, आहे तो केवळ परिणाम.

या पार्श्वभूमीवर बंगळूरचे उदाहरण उद्बोधक ठरते. जगदाळे घराण्याने १९४८ साली तेथे स्थापलेल्या ‘अमृत’ने आपली सिंगल माल्ट व्हिस्की २००४ साली प्रथम आणली ती ग्लासगोत, म्हणजे स्कॉच रसिकांच्याच परीक्षेस. बंगळूरच्या उष्ण हवेत पिंपातील मद्य वर्षाला सुमारे दशांश उडून जाते. स्कॉटलंडात सुमारे दोन टक्के. साहजिकच येथे ते फार लवकर परिपक्व होते आणि ‘वय’ हा स्कॉच परंपरेचा निकष अपुरा पडतो. मग उरतो तो प्रत्यक्ष आस्वाद : आधी गंध, नंतर घोट, शेवटी मागे रेंगाळणारी चव. एका परंपरेचे कालमापन दुसरीच्या गुणवत्तेला लावता येत नाही, ही जाणीव तौलनिक साहित्याभ्यासालाही तितकीच आवश्यक आहे.