अरगटाचं औषधी कूळ

वाशिम-रिसोडकडे सोयाबीननं शिवार व्यापण्याआधी खरिपात ज्वारी असायची. ती फुलोऱ्यात असताना हवा ढगाळ, दमट राहिली की कणसातून मधासारखा चिकट द्रव ठिबके आणि पुढे दाण्याच्या जागी बुरशीची शिंगासारखी गाठ धरे. हा अरगट. बाजरीवर तो अधिक बदनाम. 1956 साली दक्षिण साताऱ्यात त्याची मोठी साथ आली. तसली बाजरी पोटात गेली की मळमळ, उलट्या, गरगरणं. म्हणून बाजरीचं बियाणं 20 टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात. हलक्या गाठी वर येतात, त्या काढून जाळायच्या.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीच्या एका गाठीवरची गोळी याच कुळातली.

1959 मध्ये दक्षिण ऱ्होडेशियातल्या पशुवैद्यांनी नोंदवलं, की अरगटाची बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना व्याल्यावर दूधच उतरलं नाही. इकडे बाझलच्या सँडोझ कंपनीत एडवर्ड फ्लुकिगर अरगटातल्या द्रव्यांतून प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचं संप्रेरक, दाबणारं औषध शोधत होते. त्यातून ब्रोमोक्रिप्टीन निघालं. गंमत म्हणजे माणसातलं प्रोलॅक्टिन वेगळं संप्रेरक आहे, हे हेन्री फ्रीझन यांच्या कामातून पक्कं झालं ते 1970च्या सुमारास. म्हणजे औषध आधी, ज्याला दाबायचं त्याची ओळख मागाहून!

बहुतेक संप्रेरकांसाठी मेंदू पिट्युटरीला ‘सोड’ म्हणून निरोप धाडतो. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. हायपोथॅलॅमसमधलं डोपामीन पिट्युटरीच्या देठालगतच्या बारीक रक्तवाहिन्यांतून उतरतं आणि प्रोलॅक्टिनच्या पेशींचा कासरा सतत ओढून धरतं. तो सैल पडला तर काय होतं, हे सर्पगंधेनं दाखवलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली तिचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातलं रिसर्पिन डोपामीनचा साठा रिता करतं. ते घेणाऱ्या काही बायकांना कडेवर मूल नसताना दूध येऊ लागलं.

प्रोलॅक्टिनोमात पिट्युटरीतल्या प्रोलॅक्टिनच्या पेशींचीच गाठ होते आणि नेहमीचा लगाम तिला पुरत नाही. पाळी थांबते, दूध येतं; पुरुषांत कामेच्छा मंदावते, गाठ वाढली तर नजरेच्या नसांवर दाब येतो. ब्रोमोक्रिप्टीन डोपामीनच्याच जागी जाऊन बसतं. प्रोलॅक्टिन उतरतं, गाठ आकसते, बहुतेकांची शस्त्रक्रिया टळते. पुढे आलेलं कॅबरगोलीनही अरगटाचंच, आठवड्यातून एकदोनदा पुरतं. मळमळ मात्र घराण्यातून उतरलेली. म्हणून डॉक्टर थोड्या मात्रेनं सुरुवात करतात आणि गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगतात.