त्रैक्यसिद्धांत व पंडिता रमाबाई
पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे तत्त्वतः एकच ईश्वर होत, या ख्रिस्ती सिद्धांतास बायबलचा आधार कितपत आहे, हा वाद जुना आहे. ‘त्रैक्य’ ही संज्ञा बायबलमध्ये आढळत नाही. सिद्धांताची मांडणी नायसीआ (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मपरिषदांत निश्चित झाली. अनुकूल पक्ष मत्तयाच्या शुभवर्तमानातील बाप्तिस्म्याचे सूत्र (२८:१९) पुढे करतो, तर पिता आपणाहून थोर असल्याचे येशूचे उद्गार (योहान १४:२८) प्रतिपक्ष दाखवितो. तिघांचे ऐक्य स्पष्ट सांगणारे वचन (१ योहान ५:७) प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नसल्यामुळे १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारातून गाळण्यात आले.

भारतात राममोहन रॉय यांनी १८२० नंतर श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांशी हा वाद घातला. महाराष्ट्रात तो सर्वांत उत्कटतेने पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) पत्रांत उमटला. कोकणस्थ ब्राह्मण कुळातील नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे (१८२५–९५) यांच्या प्रतिपादनाचा प्रभाव पडून रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु चर्चची सर्व मते त्यांनी स्वीकारली नाहीत. १८८५ मध्ये तेथील सिस्टर जेरल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, बायबल आपणास प्रमाण आहे, पण त्यात त्रैक्य आढळत नाही, अशी त्यांची भूमिका दिसते. भारतीय पुरोहितवर्गाचे जू नुकतेच महत्प्रयासाने झुगारल्यावर तसेच दुसरे जू मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. वचनांचा अर्थ लावण्याचा अधिकार चर्चच्या परंपरेचा, हे जेरल्डिन यांचे मत; रमाबाईंचा आग्रह त्यांना अहंकार वाटला. हा आरोप न्याय्य म्हणता येत नाही. मूळ ग्रंथ व त्यावरील भाष्य यांत भेद करणे हा रमाबाईंच्या शास्त्राध्ययनाचाच संस्कार होता. चेल्टनम येथील महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिआ बील यांनी मात्र या शंकांना सहानुभूतीने उत्तरे दिली.

१८९१ च्या सुमारास आलेल्या आध्यात्मिक अनुभवानंतर रमाबाईंचा भर वैयक्तिक तारणावर आला. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी छापलेले हे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. वादाची पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केली.