नंदगडचा वड

खानापूर तालुक्यातील नंदगड हे गाव जुन्या काळी व्यापारी पेठ म्हणून ओळखले जाई. आज त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे ते मात्र वडामुळे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णास नंदगडजवळ एका वडाच्या झाडावर फाशी दिले. त्याच्या समाधीवर दुसरा वड उभा आहे. तो रायण्णाच्या एका साथीदाराने लावला, असे परंपरा सांगते.

रायण्णा हा कित्तूर संस्थानचा शेतसनदी, म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात जमीन कसणारा शिपाई. कित्तूरचे देसाई १८२४ साली वारले. त्यांचे दत्तविधान धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मान्य केले नाही, आणि २३ ऑक्टोबरच्या लढाईत तो स्वतःच मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आणून इंग्रजांनी किल्ला घेतला. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असता १८२९ साली निवर्तली. त्यानंतर रायण्णाने माणसे जमविली, सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. या टापूतील रान त्याला आसरा देत होते. तो हाती लागला तो फितुरीने, एप्रिल १८३० मध्ये. ज्याने आयुष्याची अखेरची वर्षे झाडीच्या आधाराने काढली, त्याची खूण म्हणून झाडच राहावे, हे यथायोग्यच म्हटले पाहिजे.

आता प्रश्न असा की, समाधीवरचा वड खरोखर त्या काळचा आहे काय? अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील सदाहरित ओक शतकानुशतके जगतो, परंतु त्याचा जीव बहुधा एकाच बुंध्यात साठलेला असतो आणि त्या बुंध्याच्या घेरावरून वयाचा अदमास बांधता येतो. वडाची तऱ्हाच निराळी. फांदीवरून पारंबी सुटते, जमिनीत रुजते, जाड होते आणि काही वर्षांनी खांबासारखी फांदी तोलू लागते. शेजारशेजारच्या पारंब्या एकमेकींत मिसळून एकच खोड दिसू लागते. पुढे मूळ बुंधा कुजला तरी झाडाचे काही अडत नाही. कोलकात्याजवळील शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील वडाचा मुख्य बुंधा बुरशीमुळे १९२५ साली काढून टाकावा लागला. झाड अद्याप पसरतेच आहे. साताऱ्याकडील वडाचे म्हसवे येथील वडाचा विस्तार १८८२ साली मोजला, तेव्हा त्याचा घेर १,५८७ फूट भरला होता. अशा झाडाचे वय विचारले तर नेमके कोणत्या खोडाचे सांगावे?

परंपरेत वनस्पतिशास्त्राला खटकण्याजोगे मात्र काही नाही. रानात वडाचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते, तेथेच रुजते, आणि मुळे खाली सोडून हळूहळू यजमान झाडालाच वेढून टाकते. परंतु माणसाला इतकी वाट पाहण्याचे कारण नाही. वडाची जाड फांदी ओल्या जमिनीत रोवली तरी ती मूळ धरते. साथीदाराने घाईघाईने एक फांदी रोवली असेल, तर ती जगणे सहज शक्य होते. अर्थात शक्य होते म्हणून घडले, असे इतिहासकाराला म्हणता येत नाही. झाड साक्ष देत नाही. साक्ष देतात ती रायण्णाची गाथा गाणारी कन्नड पदे आणि समाधीपुढे हात जोडणारी माणसे.

वडाला फुले येत नाहीत अशी समजूत आहे. फुले असतात, पण फळ म्हणून आपण जे पाहतो त्याच्या पोटात. गांधीलमाशीच्या जातीचा एक चिमुकला कीटक आत शिरून परागण करतो, तेथेच अंडी घालतो आणि बहुधा तेथेच मरतो. त्या फळांवर दिवसा तांबट, बुलबुल आणि हरियाल, रात्री वटवाघळे तुटून पडतात.

बेळगाव-खानापूर रस्त्याच्या रुंदीकरणात कडेची कित्येक जुनी झाडे गेली. जी देवळांपाशी किंवा पारावर राहतात, त्यांच्याभोवती भक्तिभावाने फरशी बसविली जाते. पारंबी फरशीवर येऊन थांबते, रुजत नाही. फांदी मात्र वाढत राहते आणि आधाराअभावी एखाद्या वादळात मोडते. शिबपूरला कोवळ्या पारंब्या पोकळ बांबूंतून जमिनीपर्यंत नेतात आणि खालची माती उघडी ठेवतात. नंदगडला त्यासाठी बांबूही दुरून आणावे लागणार नाहीत.