शेजारी राष्ट्रे आणि विद्यार्थ्यांचे मन

नववीच्या वर्गात भारताच्या सीमा शिकवीत असताना मी एकदा लहानसा प्रयोग करून पाहिला. फळ्यावर आपल्या शेजारी देशांची नावे लिहिली आणि प्रत्येक नावापुढे जे प्रथम मनात येईल ते एका वाक्यात लिहा, असे मुलांना सांगितले. वह्या घरी आणून तपासल्या. पाकिस्तानपुढे युद्ध आणि क्रिकेट होते. श्रीलंकेपुढे रावण आणि पुन्हा क्रिकेट होते. नेपाळपुढे एव्हरेस्ट, चीनपुढे स्वस्त खेळणी, भूतानपुढे ‘लहान देश’ एवढेच होते. बांगलादेशापुढची जागा बहुतेक वह्यांत कोरीच होती. हाच प्रश्न मी दुबईविषयी किंवा अमेरिकेविषयी विचारला असता, तर मुलांनी पाने भरून लिहिले असते. यात मुलांचा दोष नाही. त्यांना शिकविणारा मीच आहे.

हीच मुले तीन-चार वर्षांनी महाविद्यालयात व पुढे विद्यापीठात जातील. तेथे ‘प्रादेशिक सहकार्य’ या विषयावर परिसंवाद होतील, प्रश्नपत्रिकेत पंधरा गुणांचा प्रश्न येईल आणि ती उत्तम उत्तरही लिहितील. परंतु शेजाऱ्याविषयीचे त्यांचे खरे मत काय असेल? शाळेच्या बाकावर जी जागा कोरी राहिली, ती पदवीमुळे आपोआप भरेल काय? शेजारी राष्ट्रांनी एकत्र यावे असे तरुणांना केव्हा वाटते आणि केव्हा वाटत नाही, याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे दूर, युरोप खंडात जावे लागेल. कारण तेथे हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे.

सरहद्दीवरची होळी

फ्रान्स व जर्मनी हे सख्खे शेजारी. पण १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीन मोठी युद्धे त्यांच्यात सत्तर वर्षांच्या आत झाली. त्यांच्यामधला आल्सेस प्रांत कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे जात असे. १८७० पूर्वी स्ट्रासबर्ग शहरात जन्मलेला आणि १९४५ पर्यंत जगलेला मनुष्य आपले घर न सोडता फ्रेंचचा जर्मन, जर्मनचा फ्रेंच, पुन्हा जर्मन आणि पुन्हा फ्रेंच झाला! अशा दोन राष्ट्रांत मैत्री होईल, असे १९४५ साली कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

तरीही युद्ध संपून जेमतेम पाच वर्षे होत असताना, ६ ऑगस्ट १९५० रोजी एक विलक्षण घटना घडली. फ्रान्समधील विसांबूर गावाजवळ जर्मनीच्या हद्दीवर निरनिराळ्या युरोपीय देशांचे सुमारे ३०० विद्यार्थी दोन्ही बाजूंनी जमले. त्यांनी नाक्यावरचे आडवे अडसर उखडले, त्यांची होळी केली आणि युरोपची एक संसद असावी अशी मागणी केली. यांतील कित्येकांच्या घरची माणसे त्या युद्धात पडलेली असणार. तरी सूडाची भाषा न करता अडसर जाळण्याचे त्यांना सुचले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मात्र विद्यार्थ्यांनी होळी केली म्हणून दुसऱ्या दिवशी सरहद्द उघडली असे झाले नाही. नाक्यांवरची तपासणी बंद करण्याचा शेंगेन करार १४ जून १९८५ रोजी झाला आणि त्याची अंमलबजावणी १९९५ साली सुरू झाली. म्हणजे मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली. त्या होळीत सामील झालेले तरुण तोवर आजोबा झाले होते. राष्ट्रांची मने पालटण्याचे काम परीक्षेच्या निकालासारखे जूनमध्ये हाती पडत नाही. त्याला दोन पिढ्या लागतात.

शेजाऱ्याच्या विद्यापीठात शिकलेला मंत्री

त्याच वर्षी, ९ मे १९५० रोजी, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी फ्रान्स व जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक संस्थेच्या हाती द्यावे अशी सूचना मांडली. ज्या वस्तूंपासून तोफा बनतात त्याच सामाईक झाल्या तर युद्ध करणार कसे, असा हा साधा हिशेब होता. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी तसा करार केला. आजच्या युरोपीय संघाचे मूळ तेथे आहे.

हे शुमान कोण होते? त्यांचा जन्म १८८६ साली लक्झेंबर्गमध्ये झाला. त्यांचे शिक्षण बॉन, म्युनिक, बर्लिन आणि तेव्हा जर्मन असलेल्या स्ट्रासबर्ग येथील विद्यापीठांत झाले. म्हणजे पुढे फ्रान्सचा मंत्री झालेला हा मनुष्य जर्मन वसतिगृहांच्या, जर्मन ग्रंथालयांच्या आणि जर्मन सहाध्यायांच्या सहवासात वाढला होता. जर्मन माणूस त्याला वर्तमानपत्रातून ठाऊक नव्हता, तो बाकावर शेजारी बसलेला ठाऊक होता. शुमान यांच्या धोरणाची सारीच कारणे यात शोधू नयेत. परंतु शेजाऱ्याच्या घरी राहून शिकलेल्या माणसाला शेजाऱ्याची भीती कमी वाटते, एवढे तर आपण म्हणू शकतो.

यापुढचे पाऊल जनरल द गॉल यांनी टाकले. पहिल्या महायुद्धात ते स्वतः जर्मनांचे युद्धकैदी होते. ९ सप्टेंबर १९६२ रोजी त्यांनी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन तरुणांपुढे भाषण केले आणि तेही जर्मन भाषेत. २२ जानेवारी १९६३ रोजी त्यांनी व जर्मनीचे चॅन्सेलर आडेनावर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी ५ जुलैला दोन्ही देशांतील तरुणांच्या भेटीगाठींसाठी एक स्वतंत्र संयुक्त कार्यालय स्थापन झाले. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांबरोबरच शाळेतील मुले, कारखान्यांतील शिकाऊ कामगार आणि क्रीडामंडळांतील खेळाडू यांनाही या कार्यालयाने शेजारी देशात पाठविले. स्थापनेपासून नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी त्याचा लाभ घेतलेला आहे.

रोमची एक विद्यार्थिनी

सोफिया कोर्रादी ही इटलीची तरुणी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकून १९५८ मध्ये रोमला परतली. तेथे मिळविलेली पदवी तिने आपल्या विद्यापीठापुढे ठेवली, तेव्हा ती मान्य करण्यास नकार मिळाला. परदेशात काढलेले वर्ष जणू सहलीत गेले, असा अपमान तिच्या वाट्याला आला. दुसरी कोणी असती तर रडून गप्प बसली असती. कोर्रादींनी मात्र शेजारी देशात शिकलेला अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठाने मान्य केलाच पाहिजे, या एकाच मागणीचा पाठपुरावा जवळजवळ तीस वर्षे केला. कुलगुरूंना निवेदने दिली, मंत्र्यांचे उंबरे झिजविले. पुढे निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांच्या संघटनाही याच मागणीसाठी उभ्या राहिल्या. अखेर १९८७ साली ‘इरॅस्मस’ ही योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतून अवघे ३,२४४ विद्यार्थी गेले. पुढील तेहतीस वर्षांत या योजनेचा लाभ घेणारांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. कोर्रादी २०२५ मध्ये निधन पावल्या. युरोपातील विद्यार्थी त्यांना प्रेमाने ‘इरॅस्मसची आई’ म्हणत.

इतिहासाच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २००३ च्या जानेवारीत मैत्री-कराराला चाळीस वर्षे झाली, त्या निमित्ताने दोन्ही देशांचे सुमारे पाचशे विद्यार्थी बर्लिन येथे जमले. त्यांनी मागणी केली की, आम्हां दोघांना इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक द्या. दोन्ही देशांच्या इतिहासकारांनी मिळून ते लिहिले आणि त्याचा पहिला भाग २००६ साली फ्रेंच व जर्मन अशा दोन्ही भाषांत, एकाच मजकुराने प्रसिद्ध झाला. ज्या लढाईत एकाचा विजय तोच दुसऱ्याचा पराभव, तिच्याविषयी दोघांना मान्य होईल असे पान लिहिणे किती कठीण असेल, याची कल्पना आम्हां शिक्षकांना करता येते.

नाण्याची दुसरी बाजू

एवढे वाचून कोणी म्हणेल, मुलांना परदेशी पाठवा की झाले! पण प्रश्न इतका सोपा नाही. थेरेसा कून या संशोधिकेने २०१२ मध्ये एक अडचणीचा मुद्दा मांडला. विद्यापीठातील जे विद्यार्थी अशा योजनांत जातात, ते बहुधा आधीपासूनच शेजारी देशांविषयी अनुकूल मताचे असतात. ज्यांचे मन बदलावयास हवे ते कमी शिकलेले, कामाला लागलेले तरुण घरीच राहतात. म्हणजे औषध बहुतांशी निरोग्यालाच मिळते!

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये युरोपीय संघात राहावे की नाही यावर मतदान झाले, तेव्हा ही दरी सर्वांना दिसली. मतदानानंतरच्या पाहण्यांनुसार अठरा ते चोवीस वर्षे वयाच्या मतदारांपैकी दहांत सातजणांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते. पदवीधरांचाही कल तिकडेच होता. उलट वृद्धांचा आणि ज्यांचे शिक्षण लवकर सुटले त्यांचा कल बाहेर पडण्याकडे होता. ब्रिटन संघाबाहेर पडले. विद्यापीठांतील तरुणांचे मत कितीही उदार असले, तरी ते विद्यापीठाच्या भिंतीआडच राहिले तर त्याचा उपयोग होत नाही.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडे वळू. दक्षिण आशियातील सात राष्ट्रांनी ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे ‘सार्क’ ही संघटना स्थापन केली. २००७ साली अफगाणिस्तान आठवे सदस्य झाले. परंतु २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर २०१६ मध्ये इस्लामाबादला भरावयाची परिषद रद्द झाली आणि मग अनेक वर्षे शिखर परिषद भरू शकली नाही. सह्यांचे कागद पुष्कळ झाले, माणसांचे येणेजाणे मात्र थोडकेच राहिले.

तरीही एक काम उल्लेखनीय झाले. सार्क राष्ट्रांनी २००७ मध्ये करार करून दिल्ली येथे दक्षिण आशियाई विद्यापीठ उभारावयाचे ठरविले आणि २०१० मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. ढाक्याचा, काबूलचा, काठमांडूचा व कोलंबोचा विद्यार्थी एकाच भोजनगृहात जेवतो, ही कल्पनाच केवढी मोठी आहे! पण सरकारांचे संबंध बिघडले की व्हिसाचे दार प्रथम बंद होते आणि त्याची झळ विद्यार्थ्यालाच बसते. पाकिस्तानच्या विद्यार्थ्यांना तेथे पोहोचणे वेळोवेळी कठीण झाले.

इतिहासाच्या पुस्तकांचा प्रश्नही आपल्याकडे आहे. शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी स्वातंत्र्यलढ्याविषयी भारत व पाकिस्तान यांची शालेय पुस्तके काय सांगतात याचा तुलनात्मक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. एकाच लढ्याच्या दोन वेगळ्या गोष्टी दोन्हीकडची मुले पाठ करतात, हे त्यातून दिसते. आपल्या मुलांना शेजाऱ्याची गोष्ट मान्य व्हावी असे माझे म्हणणे नाही. परंतु तशी दुसरी गोष्ट सांगितली जाते आणि ती का सांगितली जाते, एवढे तरी त्यांना कळले पाहिजे. स्वतःच्या देशावर प्रेम करणाऱ्याला शेजाऱ्याची बाजू ऐकून घेण्याचे भय वाटू नये.

शेजारी देशांच्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे शिकविण्याचे काम मात्र भारत फार पूर्वीपासून करीत आला आहे. पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९५० साली, म्हणजे विसांबूरच्या होळीच्याच वर्षी, भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. या परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर परदेशी विद्यार्थी भारतात येतात. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई शिमल्याला शिकले. नेपाळचे पंतप्रधान झालेले बाबूराम भट्टराई चंदीगड व दिल्ली येथे शिकले. आपल्या पुण्यात तर अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने राहिलेले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले, तेव्हा घरच्यांचा फोन लागेना म्हणून ही मुले पुण्यात रात्र रात्र जागत होती. त्याच शहरात शिकणाऱ्या आपल्या किती मुलांनी त्यांची विचारपूस केली असेल?

आपले काम

पालकहो, दोन देशांतले करार आपल्या हाती नाहीत. परंतु मुलाच्या वहीतील कोरी जागा आपल्या हाती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात जाईल तेव्हा वर्गातील नेपाळी, बांगलादेशी किंवा अफगाण सहाध्यायाशी बोलण्यास त्याला सांगा. त्याला सुटीत घरी जेवायला घेऊन येऊ द्या. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. मुलगी शिष्यवृत्ती मिळवून काठमांडूच्या किंवा दिल्लीच्या परिषदेस निघाली, तर ‘एवढ्या लांब कशाला?’ असा पहिला प्रश्न विचारू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातला जो पुढे विद्यापीठात जाईल, त्याच्यावर एक जास्तीची जबाबदारी आहे. ब्रिटनचा अनुभव ध्यानात ठेवा. तेथे जे पाहाल, ते गावी परतल्यावर गॅरेजमध्ये काम करणाऱ्या भावाला आणि दहावीनंतर शाळा सुटलेल्या बहिणीला सांगा. नाहीतर तुमचे उदार मत तुमच्या प्रमाणपत्राबरोबर कपाटातच राहील.

मीही यंदापासून एक गोष्ट ठरविली आहे. माझ्या वर्गातील पाच-पाच मुलांच्या एकेका गटाकडे एक शेजारी देश वर्षभर सोपवावयाचा. तेथील शेती, शाळा, भाषा, जेवण, सण आणि आपल्याविषयी तेथली मुले काय शिकतात, हे त्यांनी शोधून वर्गाला सांगावयाचे. बांगलादेशाचा गट मी सर्वांत हुशार मुलांकडे देणार आहे. वर्षअखेरीस तोच जुना प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहीन. एका वाक्याची जागा पुरत नाही, अशी तक्रार मुलांनी केली, तर माझे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.