महायुद्धाच्या वावटळीत पुणे धर्मप्रांत

सोलापूरहून मुंबईच्या दिशेने निघालेली गाडी दौंडला येते. तेथून उत्तरेकडे फुटणारा लोहमार्ग अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जातो. या गावाचा किल्ला आपल्या परिचयाचा आहे. १९४२ च्या आंदोलनानंतर पंडित नेहरू, मौलाना आझाद प्रभृती पुढारी तेथे बंदिवासात होते, हे शाळेतील मुलेही सांगतील. परंतु त्याच नगरात त्याआधी पाव शतक, पहिल्या महायुद्धाच्या काळात, जर्मन नागरिकांसाठी एक मोठी छावणी होती आणि त्या छावणीत कॅथोलिक धर्मगुरूही बंदिस्त होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सेमिनरीत आम्ही न्याय्य युद्धाचे सिद्धान्त अभ्यासले, संत ऑगस्टीन आणि संत थॉमस यांची मते पाठ केली. ज्या धर्मप्रांतात आम्हाला सेवा करावयाची होती, त्या धर्मप्रांताचे धर्मगुरू एका युद्धाने हिरावून नेले होते ही गोष्ट मात्र पुष्कळ नंतर आमच्या वाचनात आली.

पोप लिओ तेरावे यांनी १८८६ साली भारतातील धर्मप्रांतांची घडी बसवली, तेव्हा पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सोलापूर तेव्हापासून त्याच छत्राखाली आहे. मुंबई-पुणे मिशनची धुरा त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, जर्मन येशूसंघीयांच्या खांद्यावर आली होती. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय (१८६९) आणि पुण्याचे सेंट व्हिन्सेंट विद्यालय (१८६७) ही त्यांच्याच परिश्रमांची फळे. दख्खनच्या दुष्काळी खेड्यांत, विशेषतः नगर जिल्ह्यात, मराठी शिकून, बैलगाडीने फिरून त्यांनी जे काम केले, त्यावर आजच्या अनेक धर्मग्रामांचा पाया उभा आहे.

हे लोक येथे इतक्या संख्येने आले, त्यालाही एक राजकीय कारण होते. १८७२ साली बिस्मार्कच्या राजवटीत जर्मनीने कायदा करून येशूसंघाला देशातून हद्दपार केले. हे लोक रोमचे हस्तक आहेत, राष्ट्राशी एकनिष्ठ नाहीत, असा त्यांच्यावर ठपका होता. मातृभूमीने दार लावलेल्या या संघाच्या तरुणांनी मग परदेशातील मिशनक्षेत्रे जवळ केली. चाळीसेक वर्षे लोटली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि तीच माणसे रातोरात ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरली. जर्मनीच्या लेखी जे पुरेसे जर्मन नव्हते, ते ब्रिटिश सरकारच्या लेखी धोकादायक जर्मन झाले! येशूसंघाविरुद्धचा तो कायदा जर्मनीने १९१७ साली रद्द केला; तोपर्यंत मुंबई-पुण्यातील बहुतेक जर्मन फादर एक तर बंदिवासात होते किंवा जहाजात बसवून परत पाठवले गेले होते.

आरंभी सरकारचे धोरण सौम्य होते. पण १९१५ च्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवले आणि इंग्रजी जनमत खवळले. त्यानंतर लष्करी वयाच्या जर्मनांना नगरच्या छावणीत धाडण्यात आले, आणि १९१५ व १९१६ साली गोलकोंडा नावाच्या आगबोटीने मिशनरींना, कॅथोलिक व प्रॉटेस्टंट दोहोंना, युरोपात रवाना करण्यात आले. गोवळकोंड्याचे नाव धारण करणाऱ्या बोटीने दख्खनचे मिशनरी दूर न्यावेत, हा योगायोगच म्हणावयाचा. आपल्या शेजारच्या धारवाड-हुबळीकडील बासेल मिशनवरही तीच पाळी आली. मंगळूरकडील त्यांचे कौलांचे व विणकामाचे कारखाने त्यांच्या हातून गेले. पुढे व्हर्सायच्या तहात तर जर्मन मिशनांच्या मालमत्तेसाठी एक वेगळे कलमच घालण्यात आले, ४३८ वे. ती मालमत्ता त्याच पंथाच्या विश्वस्तांकडे सोपवावी, असे त्यात ठरले. सुवार्तेसाठी उभारलेल्या शाळा-दवाखान्यांचा निवाडा विजेत्यांच्या टेबलावर व्हावा, ही गोष्ट त्या काळी फार थोड्यांना खटकली.

मुंबईचे आर्चबिशप हर्मन युर्गेन्स हेही जर्मन. १९१६ साली त्यांचे मुंबईत देहावसान झाले आणि १९१९ च्या अखेरीपर्यंत मुंबईला आर्चबिशपच नव्हते. मग इंग्रज येशूसंघीय आल्बन गुडियर यांची नेमणूक झाली. पुढे स्पेनहून येशूसंघीय आले. संशोधक फादर हेरास हे त्यांच्यापैकीच, १९२२ साली मुंबईत उतरलेले. पुण्याचे बिशप हाइनरिख ड्योरिंग युद्धामुळे युरोपात अडकले. ब्रिटिश सरकारने त्यांना परतू दिले नाही. आपल्या लोकांपासून दूर राहून १९२१ साली त्यांना पुण्याचे पद सोडावे लागले. त्यांची कथा येथे संपत नाही. तिच्याकडे पुन्हा वळू.

त्या जर्मन धर्मगुरूंच्या मनात आपल्या देशाविषयी ओढ नव्हती, असे आम्ही म्हणणार नाही. ती असणारच, इंग्रज धर्मगुरूंच्या मनात इंग्लंडविषयी होती तशीच. प्रश्न वेगळाच आहे. जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्यासवे’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. इम्मानुएल या नावाचा अर्थही तोच, हे आपण प्रत्येक नाताळात ऐकतो. गोठ्यातील बालकाचे नाव पट्ट्यावर मिरवीत एक ख्रिस्ती राष्ट्र दुसऱ्या ख्रिस्ती राष्ट्रावर चालून गेले आणि खंदकांच्या दोन्ही बाजूंना लष्करी धर्मगुरूंनी एकच मिस्सा अर्पण केली, तीही एकाच लॅटिन भाषेत. धर्मामुळे युद्धे होतात, असे टीकाकार म्हणतात. या युद्धाने काही निराळेच दाखवले: राष्ट्र पुढे चालले आणि धर्म मुकाट्याने त्याच्या मागून गेला. आम्हाला हे अधिक लज्जास्पद वाटते.

हे केवळ ख्रिस्ती लोकांपुरते नव्हते. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने खलिफा या नात्याने जिहाद पुकारला आणि त्याला उत्तेजन होते ख्रिस्ती कैसरचे! ब्रिटिश फौजेतील मुसलमान शिपाई बंड करून उठतील, अशी अपेक्षा होती. सिंगापुरात १९१५ साली एका पलटणीने बंड केलेही. पण बहुतेक मुसलमान शिपाई खलिफाच्या सैन्याशी लढत राहिले. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी जी फौज वेढली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने जर्जर होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेने शरणागती पत्करली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सारेच त्या वाळवंटात कैदी झाले. कोणाच्या धर्मासाठी, हे त्यांना कोणी सांगितले असेल काय?

या कोलाहलात एक आवाज मात्र सातत्याने उठत होता. महायुद्ध पेटल्यानंतर महिनाभरात निवडून आलेले पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी लढणाऱ्या राष्ट्रांना शांतिप्रस्ताव पाठवला आणि या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले. फ्रेंचांनी त्यांना जर्मनांचा पोप ठरवले, जर्मनांनी फ्रेंचांचा. इटलीने तर १९१५ च्या गुप्त लंडन कराराच्या पंधराव्या कलमानुसार पोपमहोदयांना तहाच्या वाटाघाटींपासून दूर ठेवण्याची तजवीज आधीच करून घेतली होती. त्यांची हाक वाया गेली, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. आमचे मत तसे नाही. ३० नोव्हेंबर १९१९ रोजी, म्हणजे तोफा थंडावून जेमतेम वर्ष लोटले असता, त्यांनी ‘माक्सिमुम इल्लुद’ हे प्रेषितपत्र काढले. मिशनरीने आपल्या देशाचा दूत होऊ नये, असे केल्यास लोक ख्रिस्ताचा धर्म परक्या राष्ट्राचा धर्म समजतील, असा इशारा त्यात आहे. आणि स्थानिक धर्मगुरू घडवा, त्यांच्या हाती ख्रिस्तसभा सोपवा, असा आग्रह आहे. आपल्या प्रांतातील रिकाम्या झालेल्या वेदी डोळ्यांसमोर आणल्या म्हणजे या पत्राचा अर्थ अधिक उमगतो. बाहेरून आलेले पुरोहित एका सरकारी हुकुमाने नाहीसे होऊ शकतात, हे येथे सिद्ध झालेच होते. आज सोलापुरात मराठी, कोकणी, तेलुगू व तमिळ घरांतील फादर मिस्सा अर्पण करतात, त्यामागे हा धडाही आहे.

सोलापूरचा उल्लेख आला आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव न घेता पुढे जाणे आम्हाला रुचणार नाही. १९१० साली या गावात जन्मलेला हा तरुण १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून गेला, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करीत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तला. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि भल्या शोमरोनी माणसाचा दाखला सांगताना आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते डॉ. कोटणीसच. त्या दाखल्यातील याजक आणि लेवी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले, हेही आम्हा पुरोहितांनी विसरू नये.

आता बिशप ड्योरिंग. १९२३ साली पवित्र पीठाने त्यांची नेमणूक जपानमधील एका नव्या मिशनप्रांतावर केली. त्या प्रांताचे नाव हिरोशिमा. चार वर्षे तेथे सेवा केल्यावर १९२७ साली, युद्धाने हिरावलेल्या आपल्या पुणे धर्मप्रांतात ते आर्चबिशप हा वैयक्तिक किताब घेऊन परतले. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. दुसरे महायुद्ध झाले, जर्मनी पुन्हा शत्रुराष्ट्र ठरले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा शहराबाहेरील येशूसंघीय नवशिक्षार्थिगृहात फादर पेद्रो आरुपे यांनी जखमींसाठी रुग्णालय थाटले; शहरातील फादर लासाल हे जर्मन येशूसंघीय जखमी होऊनही बचावले. १९५४ साली अनेक राष्ट्रांतून आलेल्या देणग्यांतून तेथे शांतिस्मारक कॅथीड्रल उभे राहिले. ज्या बाँबने ते शहर बेचिराख केले, तो ज्यांनी टाकला त्या राष्ट्रातही बहुसंख्य लोक ख्रिस्तीच होते.

त्या ऑगस्टमध्ये ड्योरिंग पुण्यातच पदावर होते, पंच्याऐंशी वर्षांचे. १९४८ साली ते निवृत्त झाले, आणि १९४९ साली पुण्याच्या बिशपपदी आंद्रू डिसोझा हे भारतीय धर्मगुरू आले.