दूरचित्रवाणी कामगार संप, मुंबई (२००८)

मुंबईतील हिंदी मालिकांचे चित्रीकरण थांबवणारा कामगारांचा संप. चित्रपट व दूरचित्रवाणी कामगारांच्या बावीस संघटनांचा महासंघ 'फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज' याने तो पुकारला. लेखकांची संघटनाही या महासंघात होती. थकलेली मजुरी, वेतनवाढ आणि कामाचे तास हे वादाचे मुद्दे होते.

ऑक्टोबर २००८च्या आरंभी लाखाहून अधिक सदस्यांनी काम बंद ठेवले. त्यानंतर झालेली तडजोड टिकली नाही व नोव्हेंबरमध्ये चित्रीकरण पुन्हा थांबले. दैनंदिन मालिकांकडे तयार भागांचा साठा थोडा असतो. त्यामुळे १० नोव्हेंबरपासून वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले. सुमारे दहा दिवसांनी समझोता झाला.

अशा संपाची झळ सर्वांना सारखी लागत नाही. लेखकाला सहसा भागागणिक मानधन मिळते. लाइटमन, स्पॉटबॉय, रंगभूषाकार, कनिष्ठ कलाकार यांची कमाई मात्र पाळीवर अवलंबून असते. चित्रीकरण थांबले की त्यांची मिळकत त्याच दिवशी तुटते. म्हणूनच वेळेवर मजुरी आणि संपकाळासाठी मदतनिधी यांची तरतूद करणे ही या व्यवसायाची नैतिक जबाबदारी ठरते.

मानधनाच्या प्रश्नावर लेखकांनीही संप केले आहेत. अमेरिकेतील पटकथालेखकांचा २००७-०८चा संप शंभर दिवस, तर २०२३चा १४८ दिवस चालला. पुनःप्रसारण व ऑनलाइन प्रक्षेपणाचे मानधन हा दोन्हींचा गाभा होता. भारतात २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकांचा स्वामित्वधनावरील हक्क मान्य केला.