क्लाऊडवरचा डेटा लीक झाला, तर जबाबदार कोण?

खडकीत जन्मदाखला, पाणीजोडणी किंवा व्यवसाय परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज करायची सोय 'ई-छावणी' पोर्टलनं आणली. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातल्या ६२ कॅन्टोन्मेंट बोर्डांसाठी ते सुरू झालं. बीईएल आणि ई-गव्ह फाउंडेशननं ते तयार केलं, तर क्लाऊड एनआयसीचा, म्हणजे 'मेघराज'. एका अर्जामागे इतके हात असतील, तर सुरक्षा कुणी सांभाळायची?

क्लाऊड म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले कम्प्युटर भाड्यानं वापरणं. नेमकं काय भाड्यानं घेतलं, त्यावर जबाबदारी ठरते.

तीन प्रकार कोणते?

• इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस: फक्त सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्क मिळतं. इमारत आणि यंत्रं कंपनी सांभाळते. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट, फायरवॉलची सेटिंग आणि ॲप ग्राहकानं पाहायचं.

• प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस: ऑपरेटिंग सिस्टीमही कंपनीकडे. आपण लिहिलेल्या ॲपची सुरक्षा मात्र आपली.

• सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस: जीमेल किंवा गूगल ड्राइव्हसारखं तयार ॲप. इथे बहुतेक काम कंपनीच करते.

तिन्ही प्रकारांत दोन गोष्टी ग्राहकाकडेच राहतात. क्लाऊडवर कोणता डेटा ठेवायचा आणि तो कुणाला उघडता येईल.

चूक झाली तर?

२०१९ मध्ये अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेचा ॲमेझॉनच्या क्लाऊडवरचा डेटा चोरीला गेला. फायरवॉलची सेटिंग चुकली होती. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती बाहेर गेली. २०२० मध्ये नियामकानं ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला, तो बँकेला.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशाही हीच आहे. लोकांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जी संस्था ठरवते, तीच उत्तरदायी. काम दुसऱ्या कंपनीला दिलं असलं तरीही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तुम्ही काय करावं?

दुकानाचा हिशेब किंवा क्लासमधल्या मुलांची यादी ड्राइव्हवर असेल, तर तिथले ग्राहक तुम्हीच आहात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. लिंक असलेल्या कुणालाही फाइल उघडता येते का, ते तपासा. काम सोडून गेलेल्या माणसाचा ॲक्सेस त्याच दिवशी काढा. आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.